शैवाल आणि सूक्ष्मजीवांपासून इंधन : निव्वळ ऊर्जेचा हिशेब छापला जावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शैवालापासून तेल, जीवाणूंपासून हायड्रोजन अशा मथळ्यांच्या बातम्या गेली अनेक वर्षे मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. या विषयाच्या अध्यापनात माझे आयुष्य गेले असल्यामुळे त्या वाचून आनंदच होतो. परंतु जवळजवळ प्रत्येक बातमीत एक गोष्ट राहून गेलेली असते. इंधन तयार झाले हे वाचकाला कळते, ते तयार करण्यासाठी किती ऊर्जा खर्ची पडली हे मात्र कळत नाही. हा राहून गेलेला हिशेब मांडला, तर या क्षेत्रातील कोणत्या कामावर आज पैसा आणि भरवसा ठेवावा आणि कोणते काम अजून प्रयोगशाळेतच होऊ द्यावे, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते. म्हणून हे पत्र.

हायड्रोजनापासून सुरुवात करते. २०२३ साली जगात सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला गेला आणि त्यातला जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू व कोळसा यांच्यापासून बनलेला होता; कमी कार्बन-उत्सर्जनाच्या मार्गाने तयार झालेल्या हायड्रोजनाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळवताना सुमारे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अशा स्थितीत केवळ पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्यावर हायड्रोजन देणारा सजीव सापडला, तर त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. तसा सजीव खरोखरच आहे. हान्स गॅफ्रॉन आणि त्यांचे सहकारी रुबिन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सीनेडेस्मस हे हिरवे शैवाल ऑक्सिजनविरहित अवस्थेत ठेवले असता हायड्रोजन सोडते, आणि प्रकाशात तो अधिक वेगाने सोडते, असे दाखवून दिले होते.

मग इतक्या वर्षांत या शोधाचे कारखाने का उभे राहिले नाहीत? याचे कारण शैवालाच्या पेशीतच आहे. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांशी जोडून हायड्रोजन बनवण्याचे काम हायड्रोजनेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. परंतु हिरव्या शैवालातले हे विकर ऑक्सिजनच्या संपर्कात आले की कायमचे निकामी होते. म्हणजे ज्या क्रियेतून कच्चा माल मिळतो, त्याच क्रियेतून त्या विकराचा घातही होतो. २००० साली अमेरिकेतील बर्कले येथील अनास्तासिओस मेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर तोड काढली. क्लॅमिडोमोनास या शैवालाला त्यांनी गंधक मिळू दिले नाही. पाणी फोडणाऱ्या प्रथिनसंचाची प्रकाशात सतत झीज होते आणि त्याच्या दुरुस्तीसाठी नवी प्रथिने बनवावी लागतात; गंधकाविना ती बनत नाहीत, त्यामुळे ऑक्सिजनची निर्मिती पेशीच्या श्वसनाला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा कमी होते, बंद भांड्यातला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन निघू लागतो. काही दिवस तो निघत राहतो. पुढे पेशी थकतात, आणि त्यांना पुन्हा गंधक देऊन सावरावे लागते.

जीवशास्त्र म्हणून हा प्रयोग उत्कृष्ट आहे आणि माझ्या मते या विषयाच्या इतिहासात त्याला फार वरचे स्थान आहे. इंधन म्हणून त्याचा हिशेब पाहू. या पद्धतीत एक लिटर द्रवातून तासाला साधारण दोन ते अडीच मिलिलिटर हायड्रोजन मिळत होता. एक लिटर हायड्रोजन वायूत सुमारे १२.७ किलोज्यूल ऊर्जा असते. म्हणजे अडीच मिलिलिटरमध्ये सुमारे ३२ ज्यूल, आणि ती मिळायला एक तास. एक हजार लिटरची टाकी अखंड प्रकाशात ठेवली तरी तिची सरासरी शक्ती नऊ वॉटच्या आतच राहते, जेमतेम एका एलईडी दिव्याएवढी. द्रव ढवळणे, तापमान राखणे, वायू गोळा करून दाबाखाली भरणे यांचा खर्च यात धरलेलाच नाही. त्यानंतरच्या संशोधनाने हे आकडे सुधारले आहेत. जर्मनीतील कील विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली सायनोबॅक्टेरियाच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंच्या) प्रकाशसंश्लेषक प्रथिनसंचालाच हायड्रोजनेज जोडून इलेक्ट्रॉन थेट त्याच्याकडे वळवले, आणि हे पाऊल मला फार आश्वासक वाटते. परंतु स्पर्धा कोणाशी आहे हे विसरून चालणार नाही. साधे सौरपटल आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा विजेत बदलते, आणि त्या विजेवर पाण्याचे विघटन केले तर मूळ प्रकाशातली सुमारे १३ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरते. शैवालाचे प्रकाशसंश्लेषण उघड्यावर एक ते तीन टक्क्यांच्या आसपास चालते. तेवढ्याच जमिनीवर, तेवढ्याच उन्हात, आज सौरपटले पुष्कळ पुढे आहेत.

प्रकाशाविना हायड्रोजन देणारे जीवाणूही आहेत. क्लॉस्ट्रिडियम कुळातील जीवाणू साखर आंबवताना हायड्रोजन सोडतात, वेगाने सोडतात, आणि त्यांना ऊनही लागत नाही. इथे अडचण रसायनशास्त्राची आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून कागदावर हायड्रोजनचे बारा रेणू निघू शकतात; परंतु जीवाणूला स्वतःही जगायचे असते, आणि किण्वनाच्या मार्गाने जास्तीत जास्त चारच रेणू निघतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन-अडीचच हाती लागतात. उरलेली ऊर्जा ॲसेटिक आणि ब्युटिरिक आम्लांत अडकून राहते. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठराविक, प्रचंड संख्या) ग्लुकोजमध्ये सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा असते. चार मोल हायड्रोजनमध्ये त्यातली सुमारे ४१ टक्के येते, दोन मोलमध्ये सुमारे २० टक्के. तेच ग्लुकोज बायोगॅस संयंत्रातल्या जीवाणूंच्या साखळीला दिले, तर सैद्धांतिकदृष्ट्या तीन मोल मिथेन मिळतो आणि त्यात ९५ टक्के ऊर्जा शाबूत राहते. हा फरक मी वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडत असे. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव स्वतःसाठी फार थोडी ऊर्जा ठेवतात. म्हणूनच ते इतके संथपणे वाढतात, आणि म्हणूनच इंधन मिळवू पाहणाऱ्याला ते इतके उपयोगी आहेत. शिवाय मिथेन पाण्यात फारसा न विरघळता आपण होऊन बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो, त्याला वेगळे करायला ऊर्ध्वपातन लागत नाही.

आम्लांत अडकलेली ऊर्जाही सोडवता येते. जांभळे जीवाणू प्रकाशाच्या साहाय्याने ॲसेटिक आम्लापासून हायड्रोजन काढतात, पण ते काम नायट्रोजनेज या विकराकडून होते आणि ते विकर पेशीची फार ऊर्जा खाते. दुसरा मार्ग सूक्ष्मजैविक विद्युत् विघटनाचा. सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे एम. सी. पॉटर यांनी इंग्लंडमध्ये १९११ सालीच दाखवले होते. २००५ च्या सुमारास अमेरिका आणि नेदरलँड्स येथील गटांनी त्याच कल्पनेला उलटे फिरवले. विद्युत्अग्रावर (इलेक्ट्रोडवर) वाढणारे जीवाणू ॲसेटेट खाऊन इलेक्ट्रॉन देतात, बाहेरून थोडासा व्होल्टेज जोडला जातो आणि दुसऱ्या अग्रावर हायड्रोजन निघतो. शुद्ध पाण्याच्या विघटनाला किमान १.२३ व्होल्ट लागतात. इथे सैद्धांतिक गरज त्याच्या फार तर दहाव्या हिश्श्याएवढी असते, आणि प्रत्यक्षातही एका व्होल्टच्या आत काम भागू शकते. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे १२० लिटरचे संयंत्र कच्च्या घरगुती सांडपाण्यावर काही महिने चालवून दाखवले आणि दिलेल्या विजेच्या सुमारे ७० टक्के ऊर्जा हायड्रोजनच्या रूपात परत मिळवली. निव्वळ नफा अजून नाही, परंतु सांडपाणी त्याच वेळी काही प्रमाणात शुद्ध होत होते. सूक्ष्मजीवांच्या हायड्रोजनाला भवितव्य असेल, तर ते मला या दिशेने अधिक दिसते.

आता शैवालाच्या तेलाकडे वळते, कारण बातम्यांत सर्वाधिक अपेक्षा याच्याभोवती असतात. काही शैवालांच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग तेल असू शकतो, हे खरे आहे. परंतु तेवढे तेल साठवण्यासाठी शैवालाला सहसा नत्राची उपासमार घडवावी लागते, आणि उपासमारीत ते वाढायचे थांबते. वाढ हवी तर तेल कमी, आणि तेल हवे तर वाढ कमी. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात जलीय वनस्पतींपासून इंधन मिळवण्याचा मोठा कार्यक्रम चालवला, तीन हजारांहून अधिक शैवालप्रकार गोळा केले आणि न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे प्रत्येकी हजार चौरस मीटरचे दोन तलाव बांधून प्रत्यक्ष लागवड केली. तिथे एखाद्या उत्तम दिवशी चौरस मीटरमागे ५० ग्रॅमपर्यंत शैवाल मिळाले. वर्षभराची सरासरी मात्र दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास राहिली, कारण रात्रीच्या थंडीने वाढ खुंटत होती. प्रसिद्धीपत्रकात पन्नासचा आकडा येतो. कारखाना चालतो तो दहाच्या आकड्यावर.

हा दहाचा आकडा धरून एका हेक्टरचा विचार करू. वर्षाला सुमारे ३६ टन कोरडे शैवाल, त्यात चौथा हिस्सा तेल धरले तर नऊ टन तेल. कोणत्याही तेलबियाच्या पिकाशी तुलना केली तर हे उत्पादन मोठे आहे आणि त्याबद्दल शंका नाही. परंतु या ३६ टनांसाठी सुमारे ६५ टन कार्बन डायऑक्साइड तलावात सोडावा लागेल, कारण शैवालाच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग कार्बनच असतो. वजनाचे सात टक्के नत्र धरले तर वर्षाला अडीच टन नत्र द्यावे लागेल, शिवाय स्फुरद; आणि नत्रखत बनवायला पुन्हा नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजनच वापरला जातो. तलावात एका लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम शैवाल असते. एक किलो तेलासाठी चार किलो शैवाल, आणि चार किलो शैवालासाठी आठ हजार लिटर पाणी गाळून काढावे लागते. गाळून, फिरवून शैवालाचा जो लगदा हाती येतो, त्यात पाचातले चार भाग पाणीच असते. ते पाणी उष्णतेने उडवायचे ठरवले तर एक किलो कोरड्या शैवालामागे सुमारे दहा मेगाज्यूल लागतात, आणि त्या किलोभर शैवालातली एकूण ऊर्जा असते २० ते २४ मेगाज्यूल. जवळजवळ निम्मी ऊर्जा केवळ सुकवण्यात संपते. ओला लगदाच तीनशे अंशांहून अधिक तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली शिजवून त्याचे कच्चे तेल बनवण्याची रीत आता विकसित होत आहे. ती सुकवण्याचा खर्च टाळते, आणि शैवालाच्या वाटेवर काही आशा असेल तर ती तिथेच आहे. तरीही नत्राचा आणि पाण्याचा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली हाच निष्कर्ष काढला होता : त्या देशाच्या वाहतुकीच्या इंधनापैकी केवळ पाच टक्के शैवालापासून मिळवायचे म्हटले, तरी तेव्हाच्या तंत्राने ऊर्जा, पाणी आणि पोषकद्रव्ये यांच्यावर न पेलणारा भार पडेल.

तेलकंपन्यांनाही हा अनुभव आला. एक्सॉनमोबिलने २००९ साली शैवाल-इंधनासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याची घोषणा केली, तेव्हा ती जगभर गाजली. त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१७ साली नॅनोक्लोरोप्सिस या शैवालातील एका नियामक जनुकाचे कार्य मंदावून, वाढ फारशी न घटवता तेलाचे प्रमाण दुप्पट केले. ते काम मोलाचे आहे आणि पुढच्या संशोधकांच्या उपयोगी पडेल. पण २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने या कामातून अंग काढून घेतल्याची बातमी आली, आणि घोषणेला मिळालेल्या जागेच्या मानाने तिला फारच थोडी जागा मिळाली.

या सगळ्यावरून हे क्षेत्र निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. माझे म्हणणे नेमके उलट आहे. सूक्ष्मजीवांचे खरे सामर्थ्य त्यांना स्वच्छ पाणी, खत आणि मोकळी जमीन देऊन इंधनाचे पीक घेण्यात नाही. आपण फेकून देतो त्या घाणीतली ऊर्जा काढून घेण्यात आहे. सांडपाणी आणि ओला कचरा यांची विल्हेवाट कुठल्याही परिस्थितीत लावावीच लागते, त्यासाठी पैसा आणि वीज खर्च होतच असते. प्रचलित शुद्धीकरण केंद्रांत निम्म्याहून अधिक वीज केवळ सांडपाण्यात हवा मिसळण्यावर जाते, म्हणजे त्यातली ऊर्जा जाळून टाकण्यासाठी आणखी ऊर्जा खर्च केली जाते. तीच सेंद्रिय द्रव्ये हवाबंद टाकीत जिरवली, तर रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या (म्हणजे ती द्रव्ये पूर्ण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) प्रत्येक किलोमागे ०.३५ घनमीटरपर्यंत मिथेन मिळू शकतो. नेदरलँड्सच्या खाट्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या, सांडपाणी जीवाणूंच्या कणीदार गाळाच्या थरातून खालून वर वाहू देणाऱ्या टाक्यांनी हे काम उष्ण प्रदेशांत फार कमी खर्चात शक्य करून दाखवले. ऑस्ट्रियातील स्ट्रास येथील सांडपाणी केंद्र २००५ पासून आपल्या गरजेहून थोडी अधिकच वीज स्वतः तयार करत आले आहे. इथे नत्र आणि स्फुरद विकत आणावे लागत नाहीत, ते सांडपाण्यातच असतात. आणि शैवालालाही इथेच मानाची जागा आहे, कारण तीच पोषकद्रव्ये शोषून आणि जीवाणूंना ऑक्सिजन पुरवून ते पाणी शुद्ध करते. बर्कलेतील विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकातच असे तलाव अभ्यासले होते. तिथे शैवाल हे शुद्धीकरणाचे उप-उत्पादन ठरते आणि इंधनाच्या एकट्याच्या किमतीवर सगळा डोलारा उभा करावा लागत नाही.

कारखान्यांच्या धुराबाबतही असेच काम झाले आहे. सशाच्या विष्ठेतून वेगळा केलेला क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम हा जीवाणू कार्बन मोनॉक्साइडवर जगतो आणि इथेनॉल बनवतो. २०१८ पासून चीनमधील एका पोलाद कारखान्याच्या वायूवर लँझाटेक कंपनीच्या तंत्राने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. हा कार्बन मुळात कोळशातलाच असतो, तेव्हा त्याला निखळ हरित इंधन म्हणणे योग्य होणार नाही. एकाच कार्बनाकडून दोनदा काम करून घेतले जाते, एवढे मात्र निश्चित, आणि विमानांसारख्या, विजेवर सहजी चालू न शकणाऱ्या वाहनांसाठी द्रवरूप इंधन देण्याचा तो एक मार्ग आहे.

मिथेनच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या मापाने सुमारे ८० पट तापमान वाढवतो. संयंत्राच्या झाकणातून, नळ्यांतून किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्यात विरघळून काही टक्के वायू निसटला, तर वातावरणाच्या दृष्टीने मिळवलेले बरेचसे गमावले जाते. बायोगॅस केंद्राच्या उद्घाटनाची बातमी देताना गळती मोजली जाते का, किती वेळा आणि कोण मोजते, हा प्रश्न म्हणूनच अगत्याने विचारला जावा.

संपादक महोदय, माझी विनंती याच प्रश्नांपुरती आहे. शैवाल किंवा सूक्ष्मजीवांच्या इंधनाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना अथवा कंपनीला विचारावे, की मिळालेली ऊर्जा किती आणि पंप, ढवळणे, खत, गाळणी, सुकवणी यांत गेलेली ऊर्जा किती. सांगितलेले उत्पादन एका दिवसाचे आहे की वर्षभराचे, चंबूतले आहे की उघड्या तलावातले. आणि जीवाणूंना दिलेले अन्न टाकाऊ होते की त्यासाठी शेत पिकवावे लागले. प्रामाणिक संशोधकाकडे ही उत्तरे तयार असतात आणि ती विचारली गेली तर त्याला आनंदच होतो. उत्तर मिळाले नाही, तर तसे बातमीत नमूद करावे. ज्या प्रकल्पांच्या घोषणा आपण छापल्या, त्यांचे पाच वर्षांनी काय झाले तेही छापावे, आणि एखादा बंद पडला असेल तर का बंद पडला याचे कारण तपशिलाने द्यावे. थंडीने वाढ खुंटली, तलावात परके शैवाल शिरले, दुसऱ्या सूक्ष्मजीवांनी पीक फस्त केले, की तेलाचे दर उतरले, यांतील प्रत्येक कारण पुढच्या माणसाला वेगळी गोष्ट शिकवते. या विषयात येऊ पाहणारे विद्यार्थी आपले वृत्तपत्र वाचतात आणि त्यावरून आयुष्याची दिशा ठरवतात, म्हणून त्यांना हा तपशील मातृभाषेत मिळावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका